‘कोनाची वं तू?’ : बुलढाण्यातला एक पाठलाग

या खेळाचा तिसरा नियम असा होता : खेळ चालू असताना हा खेळ आहे, हे बाहेरच्या कोणालाही सांगायचं नाही. जो सांगेल तो बाद. पहिल्या नियमात पळणाऱ्याने काय करायचं ते होतं, दुसऱ्यात पाठलाग करणाऱ्यांनी काय करायचं ते. तिसरा नियम शहरासाठी होता. शहराला मात्र कोणी विचारलं नव्हतं.

पुण्यातल्या काही तरुण मंडळींनी हा खेळ बसवला आहे. पटावर सोंगट्या फिरतात तशी यात माणसं फिरतात आणि पट म्हणजे चालतं-बोलतं शहर. एक जण पळतो, चार जण त्याच्या मागे लागतात. पळणाऱ्याने ठरलेल्या जागा एकेक करून गाठायच्या, प्रत्येक ठिकाणी स्वतःचा फोटो काढून पाठवायचा आणि न सापडता शेवटच्या जागी पोचायचं. त्याचा मोबाइल मधूनमधून तो कुठे आहे ते मागच्यांना कळवत राहतो : नकाशावर एक लाल ठिपका. मागच्यांपैकी कोणाचा हात खांद्याला लागला की खेळ संपला.

मी तो एकदा पुण्यात पाहिला होता. पेठेतल्या गल्लीतून एक मुलगा जिवाच्या आकांताने पळत गेला, पाठोपाठ तिघं गेले. वाटेतल्या एका गृहस्थांनी भाजीची पिशवी या हातातून त्या हातात घेतली. शहराने घेतलेली दखल एवढीच. पुढे मंडळींनी हा खेळ ‘छोट्या शहरात’ न्यायचं ठरवलं, एका मासिकाने त्यावर लिहाल का असं विचारलं, आणि मी बुलढाण्याला गेले. वर्तमानपत्राच्या कचेरीत माझी बरीच वर्षं गेली. तिथली शिस्त अशी की जे घडलं ते क्रमाने सांगावं आणि आपला राग घरी ठेवून यावा. क्रम मी पाळणार आहे.

नांदुरा, शनिवार

बुलढाणा जिल्ह्याचं ठिकाण असलं तरी तिथे रेल्वे नाही. गाव पठारावर, रूळ खाली सपाटीला. नांदुऱ्याला उतरायचं आणि बसने घाट चढायचा. उतरले तेव्हा हवेत चांगलाच गारठा होता. कापसाने फुगलेल्या गाड्या जिनिंगच्या वाटेला लागल्या होत्या आणि रस्त्याकडेच्या बाभळींच्या काट्यांना कापसाचे पुंजके अडकले होते. स्टँडसमोर कढईतून काढलेला आलूबोंडा खाल्ला. त्यावर न विचारता कढी ओतून मिळाली. पुण्यात कढी भाताची असते. ती बोंड्यावर घेताना मी जरा थबकले, पण थंडीत यापेक्षा शहाणा नाश्ता सुचणार नाही.

बसमध्ये शेजारी बोरांची टोपली मांडीवर घेतलेली बाई बसली. बस आगारातून निघायच्या आत तिने विचारलं, “कोनाकडं चालल्या?”

“कोणाकडे नाही. लॉजवर उतरणार आहे.”

“लॉजात?” तिने टोपली मांडीवर नीट केली. “काऊन? बुलढान्यात कोनीच नाई काय तुमचं?”

“कोणी नाही.”

“आडनाव काय म्हनलं?”

मी सांगितलं. तिने ते मनातल्या मनात सगळ्या तालुक्यातून फिरवून आणलं. मोताळा जवळ येईपर्यंत तिला त्या आडनावाचे एक निवृत्त मास्तर आठवले आणि मी त्यांची दूरची कोणीतरी लागते, असा तिने निकाल दिला. उतरताना मूठभर बोरं माझ्या पर्सवर ठेवून ती म्हणाली, “मास्तरच्या घरी जाजा. लॉजात कायले राह्यता!”

मला गंमत वाटली. आलेला माणूस कोणाचा आहे ते ठरल्याशिवाय इथे त्याला मोकळं सोडत नाहीत. ही चौकशी नव्हती, काळजीच होती. त्या काळजीला आणखी एक बाजू असते, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं.

बुलढाणा, शनिवार संध्याकाळ

घाट चढून वर आलं की हवा बदलते. कचेऱ्या, कोर्ट, कॉलेजं, त्यांच्या आवारातली जुनी झाडं आणि उतारावरून खाली संगम तलाव. गाव पायी पार होतं. खेळाचा प्रमुख शंतनू याला नेमकं हेच आवडलं होतं. तिशीचा, मऊ आवाजाचा, सगळ्यांना ‘ताई’ म्हणणारा मुलगा. मध्यंतरी आठवड्याच्या मधल्या वारी इथे येऊन त्याने जागा निवडल्या होत्या.

“परफेक्ट बोर्ड आहे, ताई,” लॅपटॉपवरचा नकाशा दाखवत तो म्हणाला. “ट्रॅफिक नाही, लोकं इतकी जेन्युइन. आणि हे मधलं मोठ्ठं मोकळं मैदान. इथून तिला जावंच लागेल.”

‘ती’ त्याच्यासमोर प्लॅस्टिकच्या खुर्चीच्या टोकावर बसली होती. वैशाली, वय एकवीस, गाव धामणगाव बढे, तालुका मोताळा. घरी भाजीपाल्याची शेती. बुलढाण्यात दोन मैत्रिणींबरोबर खोली करून ती पोलीस भरतीची तयारी करत होती. पहाटे मैदान, दिवसा अभ्यासिका, संध्याकाळी पुन्हा मैदान. शंतनूने तिला मैदानावरच हेरलं होतं. मैदानी परीक्षा जवळ आली होती आणि वडिलांशी तिचा बोलून करार झाला होता : या भरतीत झालं तर झालं, नाही तर सामान घेऊन घरी.

नकाशाकडे पाहून ती म्हणाली, “सर, ते मैदान मोकळं नाई. बाजाराचं हाय ते. उद्या रविवार हाय ना, पाय ठेवाले जागा राहात नाई.”

“अजून मस्त!” शंतनू म्हणाला. “क्राउड मिळेल.”

हे वाक्य मी जसंच्या तसं देते, कारण पुढे ‘आम्हाला बाजाराची कल्पना नव्हती’ असं त्याने मला सांगितलं.

टेबलावर बक्षीस होतं : धावण्याचे नवे बूट, खोक्यात. वैशालीच्या पायातल्या बुटांचे तळवे गावच्या चांभाराकडून दोनदा शिवून घेतलेले होते, आणि डाव्या बुटातून करंगळी दिसत होती. तिने खोक्याकडे बोट केलं.

“हातात घेऊन पाहू का?”

“जिंकल्यावर,” शंतनू हसून म्हणाला.

बाहेर पडल्यावर मी तिला विचारलं, घरी सांगितलंय का. “सांगतलं ना. स्पर्धा हाय म्हनलं. बाबानं इचारलं, पयाची काय? मी म्हनलं, हाव.” ‘पयाची’ म्हणजे पळण्याची. मग ती म्हणाली, “मॅडम, मले त्या खेळाचं काई नाई. मले बूट पाहिजे. याच्यात आठशे मीटर काढाले लागली तर पायच फाटन.”

बुलढाणा, रविवार

सकाळी खेळ सुरू झाला. मी पाठलागाच्या बाजूला होते. पुण्याहून आलेला ओंकार आणि आणखी दोन मुलं पळणार. माझं वय पाहता मी कारंजा चौकात उभं राहून ठिपका पाहायचा आणि त्यांना कळवायचं. शिवाय स्कूटरवर एक कॅमेरेवाला.

खरं लिहायचं तर सुरुवातीला मजा आली. वैशालीने त्या मुलांना सहज चकवलं. ठिपका कॉलेजच्या रस्त्याला दिसला म्हणून मुलं तिकडे धावली, तर पुढचा ठिपका जयस्तंभ चौकापाशी. एकदा ती माझ्यासमोरून गेली. चालत, ओढणी डोक्यावरून घेऊन, दूध आणायला निघालेल्या मुलीसारखी. मला ओळख दिली नाही, पण डोळ्यांत हसू होतं. मी मोबाइल खाली ठेवून टाळी वाजवायच्या बेतात होते. तीन जागा झाल्या. मग ठिपका बाजाराच्या कडेला उमटला आणि मी नेमून दिलेलं काम केलं : ‘बाजारात शिरतेय’ असं मुलांना कळवलं. ती तिघं समोरूनच त्या दिशेने पळाली. मीही मागोमाग निघाले.

तो बाजार आठवडी बाजार होता. जमिनीवर पोती पसरून मांडलेली मेथी, वांगी, टमाटे, लसणाचे ढीग, मधून माणूस कसाबसा जाईल एवढी वाट. वैशालीला बाजारात पाय कुठे टाकायचा ते माहीत होतं. ती ढिगांमधून वाहत गेली. मुलांना माहीत नव्हतं. तिघंही टमाट्यांवरून गेली.

आता त्या माणसांच्या जागी बसून पाहा. एक मुलगी मागे वळून बघत जिवाच्या आकांताने पळते आहे. मागे तीन अनोळखी तरुण. मुलीच्या तोंडून शब्द नाही, मुलं काही सांगत नाहीत. याचा अर्थ काय लावायचा? पुण्यात पिशवी या हातातून त्या हातात गेली होती. इथे पहिल्यांदा एका बाईने तराजूचं पारडं फेकून मारलं. मग वांग्याचं कॅरेट आडवं आलं आणि एक मुलगा पडला. ओंकारची कॉलर एका धिप्पाड भाजीवाल्याच्या मुठीत आली.

“काय बे! पोरीच्या मांगं लागता? बाजारात?”

आणि थप्पड. तिचा आवाज मी कडेला उभी राहून ऐकला.

“काका, आम्ही... तसं नाहीये...” ओंकार म्हणाला आणि थांबला. त्याने स्कूटरवरच्या कॅमेऱ्याकडे पाहिलं. त्याला तिसरा नियम आठवला होता. इंजिनिअरिंग शिकलेला तो मुलगा, गालावर पाच बोटं उठलेली असताना, शंतनूचा नियम पाळत होता.

“तसं नाई तं कसं? बोल ना बे!” दुसरी थप्पड. भोवती माणसं जमली. कोणीतरी पट्टा काढला. पडलेल्या मुलाच्या पाठीत लाथ बसली. मी आत शिरायचा प्रयत्न केला, ओरडलेही; बायकांनीच मला मागे ओढलं, “तुमी नका जाऊ ताई, लागन.”

वैशाली तोवर बाजार पार करून गेली होती. त्या टोकाची जागा तिने गाठली होती, फोटो पाठवला होता. माझ्या मोबाइलवर तो आला. पुढे फक्त शेवटची जागा, तलाव. तिच्या मागे कोणीही उरलं नव्हतं. चालत गेली असती तरी बूट तिचे होते.

ती परत आली. माणसं बाजूला सारत आत घुसली आणि त्या भाजीवाल्याच्या हाताला लटकली.

“काका, सोडा त्याईले! खेळ हाय हा! खेळून राह्यलो आमी!”

“कायचा खेळ?”

“पयाचा. त्याईनं मले पकडाचं... मोबाइलवर...”

समजावून सांगण्यासारखा तो खेळच नव्हता. पट्टा काढलेला माणूस म्हणाला, “धमकी देल्ली असन यानं तिले. घाबरून बोलून राह्यली.” लोकांना ते पटलं. मलाही त्यांच्या जागी तेच पटलं असतं.

मग मेथी विकणारी एक म्हातारी पुढे आली. तिने वैशालीची हनुवटी धरून तोंड वर केलं. “रडू नको माय. कोनाची वं तू?”

वैशाली रडत नव्हती. मी तिचा चेहरा पाहत होते. आधी खाली पडलेल्या मुलाकडे, मग त्या पट्ट्याकडे, मग म्हातारीकडे तिची नजर गेली. या प्रश्नाचं उत्तर दिलं की काय होतं ते त्या गर्दीत फक्त तिला ठाऊक होतं.

“सांग ना वं. कोनाची?”

“धामनगाव बढ्याची,” ती म्हणाली. “रामदासभाऊची.”

भाजीवाल्याची मूठ सैल झाली. तो धामणगावचाच निघाला, सुपडाभाऊ नाव. “रामदासची? वांगेवाल्या रामदासची? तू वैशी काय?”

“हाव.”

“मंग आधी सांगाव ना!”

बस. एवढ्यावर ते मिटलं. खेळ हाय, म्हणून ती ओरडली तेव्हा कोणी ऐकलं नाही. बापाचं नाव येताच पट्टा कमरेला परत गेला. मुलांना उठवून बसवलं. कोणीतरी पाणी आणलं. म्हातारीने ओंकारच्या गालावर ओल्या फडक्याची घडी धरली आणि वर त्याला झापलं, “पोट्ट्या, तोंड नाई काय तुले?” सुपडाभाऊंनी पायजम्याला हात पुसले, खिशातून मोबाइल काढला आणि नंबर लावला.

“रामदास, बाजारातून बोलून राह्यलो. घाबरू नको. तुह्या पोरीच्या मांगं पोट्टे लागले होते.”

याच हाताने काही क्षणांपूर्वी तिला वाचवलं होतं. निदान त्याला तसं वाटत होतं.

बुलढाणा, रविवार संध्याकाळ

लॉजच्या खोलीत शंतनू मुलांच्या जखमांवर मलम लावत होता. तो दुष्ट माणूस नाही, हे नोंदवणं भाग आहे. बुटांचं खोकं टेबलावर होतं. मी विचारलं, तिला कधी देणार.

“टेक्निकली ती बाद आहे ना, ताई. तिसरा नियम.”

मला वाटलं तो गंमत करतोय.

“आणि ती सेफ होती,” तो पुढे म्हणाला. “तिला मागे यायची गरजच नव्हती. एका खेळाडूसाठी सूट दिली तर सगळ्या शहरांत द्यावी लागेल.”

ओंकार पलंगावर बसला होता. त्याचा एक डोळा सुजून बंद होत आला होता. तो भिंतीकडे बघत म्हणाला, “शंतनू, तिने सांगितलं नसतं तर मी आत्ता इथे नसतो.”

“अरे, ते मान्यच आहे. पण नियम म्हणजे नियम.”

यानंतर मी शंतनूला जे बोलले ते छापण्यासारखं नाही. त्याचा परिणामही झाला नाही. खोकं त्यांच्या गाडीत गेलं. रात्री पुण्याला निघण्याआधी त्यांनी एक छोटी चित्रफीत टाकली. वेगवान संगीत, पळणारी वैशाली, मागे धावणारी तीन मुलं. टमाटे दिसले. थप्पड दिसली नाही. ती परत आली ते दिसलं नाही. ‘सापडेल का?’ असं वर लिहिलं होतं. ज्याने आयुष्यभर बातम्या कापल्या त्याला कात्री कुठे लागली ते लगेच दिसतं. त्या मुलीच्या बाजूने बोलणारा एक तुकडा होता. नेमका तोच काढलेला होता.

चित्रफीत येण्याआधी, अंधार पडायच्या सुमाराला मी वैशालीच्या खोलीवर गेले, तर दारात बाजारातून परत चाललेला टेम्पो उभा. रिकाम्या कॅरेटांवर तिची गादी, पत्र्याची पेटी, गॅसची शेगडी चढवलेली. रामदासभाऊ स्वतः सामान आणत होते. उंच, सावळा, कमी बोलणारा माणूस. आवाज चढवला नव्हता, हात उगारला नव्हता. पेटी उचलताना लेकीला इतकंच म्हणाले, “पुस्तकं राह्यली का पाह्य.”

वैशाली कॅरेटांच्या मध्ये बसली होती. टेम्पो निघताना तिने वाकून मला सांगितलं, “मॅडम, तुमी पेपरवाल्या ना? बाबाले येऊन सांगा, का खेळ होता. तुमचं ऐकतीन. इथलं ग्राउंड सुटलं तं मी गेली.”

धामणगाव बढे, सोमवार

घाट उतरून मोताळा तालुक्यात शिरलं की पुन्हा काळी जमीन. हरभऱ्याला शेंगांचे घाटे धरलेले, मधे वांग्यांचे जांभळट पट्टे. धामणगाव मोठं गाव आहे. व्यापाऱ्यांची दुकानं, दवाखाने, चांगली वर्दळ. स्टँडवर उतरले तर ओट्यावर बसलेल्या एका बाईने विचारलंच, “कोनाच्या घरी?”

“वैशालीच्या,” मी म्हणाले.

“कोन वैशाली?”

“ती... पळते ती. पोलीस भरतीची तयारी करते.”

बाईने शेजारणीकडे पाहिलं. दोघींच्या तोंडावर एकच भाव होता. चित्रफीत माझ्या आधी पोचली होती. “मंग असं सांगा ना,” ती म्हणाली. “रामदासच्या.”

घर विटांचं, पुढे शेणाने सारवलेलं अंगण. वैशालीच्या आईने वरण-बट्टी केली होती आणि वांग्याची तेलावर तरंगणारी भाजी. बट्टी कुस्करून त्यावर तूप ओतताना ती “बस” म्हटलं तरी थांबत नव्हती. मी कशासाठी आले आहे ते सगळ्यांना माहीत होतं, आणि जेवण होईपर्यंत त्याबद्दल कोणी अवाक्षर काढलं नाही. पुण्यात आम्ही आधी विषय काढतो आणि वाद संपला तर चहा करतो. इथली रीत मला जास्त सभ्य वाटली आणि जास्त अवघडही. ज्यांचं तूप खाल्लं त्यांच्याशी भांडायचं कसं?

मी रामदासभाऊंना सगळं सांगितलं. खेळ, ठिपका, नियम. वैशाली सुटली होती आणि परत का आली, तेही. ते शेवटपर्यंत ऐकत राहिले.

“मॅडम, मी मानतो,” ते म्हणाले. “खेळच असन. माही पोरगी खोटं बोलत नाई. पन हे तुमी मले सांगून राह्यल्या. गावाले कोन सांगन?”

“गावाचा काय संबंध? तिने तीन मुलांना मारापासून वाचवलं.”

“ते तुमी पाह्यलं. गावानं मोबाइलवरचं पाह्यलं.”

कात्री माझ्याच धंद्यातली होती.

तेवढ्यात सुपडाभाऊ आले. लग्नघरी यावं तसे हसत आले. “म्या धरला ना त्याले! कॉलरच धरली!” चहा बशीत ओतून त्यांनी सगळी हकीकत पुन्हा सांगितली, त्यात आता मुलं तीनची पाच झाली होती. मी विचारलं, “भाऊ, ती सांगत होती खेळ आहे. मग फोन कशाला केलात?”

त्यांना प्रश्नच कळला नाही. “फोन कराच लागन ना. आपली पोरगी हाय.”

“तिला विचारलंत?”

“तिले काय इचाराचं?” ते खरोखर चकित झाले होते. “पोरीले इचारून कोन बापाले फोन करते?”

वैशाली दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. ती पहिल्यांदाच बोलली. “सुपडाकाका, तुमी आले नसते तं मी जिंकली असती.” आवाज बिलकुल चढला नाही. “आन् मी परत नसती आली, तं तुमी त्या पोट्ट्याचं डोकं फोडलं असतं. मंग तुमच्यावर केस झाली असती. मी तुमाले बी वाचवलं. माह्यासाठी कोन बोललं?”

सुपडाभाऊंनी बशी खाली ठेवली. ते माझ्याकडे बघून हसायला लागले, पण कोणी साथ दिली नाही, तेव्हा उठून गेले.

मी अंगणात जाऊन शंतनूला फोन लावला. ती चित्रफीत काढून टाक म्हटलं. “ताई, आमचा सगळ्यात जास्त पाहिलेला भाग आहे तो,” तो म्हणाला. “हवं तर चेहरा ब्लर करतो.” इथे चेहरा कोणाला बघायचा होता? गावाने तिची चाल ओळखली होती. मी म्हटलं, निदान ती परत आली तो तुकडा जोड. तो म्हणाला, त्याने व्हिडिओचा पेस जातो.

आत आले तेव्हा रामदासभाऊ ठरवून बसले होते. निकाल त्यांनी मला उद्देशून सांगितला, पण तो तिच्यासाठी होता. “बुलढान्याले आता नाई. तिथं मांगं कोन हाय ते मले दिसत नाई. पयाचं तं इथं पयन. रस्ता हाय ना. मी राहीन संगं. परीक्षेले मीच नेईन.”

“बाबा, इथं ग्राउंड नाई, सर नाईत.”

“रस्ता हाय,” ते पुन्हा म्हणाले.

धामणगाव बढे, मंगळवार

रात्री मी त्यांच्याकडेच राहिले होते. पहाटे वैशालीने जुने बूट चढवले. डाव्या बुटात आईने चिंधीची घडी घालून दिली होती. रामदासभाऊंनी मोटारसायकल काढली आणि मला म्हणाले, “बसा मॅडम. पाहा तुमी बी.” म्हणजे मी दुसऱ्यांदा तिच्या मागे निघाले.

धुकं होतं. दोन्ही बाजूंना हरभरा. ती पुढे, तिच्या पाठीवर आमच्या दिव्याचा उजेड, आणि मागे इंजिनाचा फटफटाट. ओट्यांवर बसलेली माणसं आधी तिच्याकडे बघत, मग मागच्या गाडीकडे, आणि मान हलवत. आता सगळं रीतसर होतं. मुलगी पळते आहे, मागे बाप आहे. काल या रस्त्यावरून ती एकटी धावली असती तर याच माणसांनी फोन काढले असते.

ती त्या दिव्याच्या उजेडाबाहेर जायचा प्रयत्न करत होती. पावलांवरून ते कळत होतं. ती वेग वाढवी, रामदासभाऊ गॅस वाढवत. ती कमी करी, तेही कमी करत. बाजारात तिला पकडायला आलेल्यांना हे जमलं नव्हतं.

गावाबाहेरच्या पुलाच्या चढावर गाडीने दोन गचके दिले आणि ती बंद पडली. दिवा मालवला. रामदासभाऊंनी किक मारली. गाडी चालू होईना. पुन्हा मारली. पुढे धुक्यात वैशालीच्या बुटांचा आवाज येत होता.

“थांब वं!” ते ओरडले.

आवाज थांबला नाही. उलट तो जलद झाला, मोकळा झाला. इतका वेळ ती अंगापेक्षा लहान कपड्यात पळावं तशी पळत होती. आता पावलं लांब पडायला लागली, हे नुसत्या कानांनी समजत होतं. चढ ओलांडून ती पलीकडे गेली आणि आवाज पुसट होत गेला.

रामदासभाऊ किकवर पाय ठेवून तसेच उभे राहिले. ऐकत.

“मॅडम,” थोड्या वेळाने ते म्हणाले, “हिले पयताना म्या कधी पाह्यलंच नव्हतं. नुसतं आयकत होतो, पयते म्हनून.”

“आता पाहिलंत?”

“हाव.” ते अजून पुढेच बघत होते. “लई जोरात पयते ना?”

मला वाटलं, आता हा माणूस गाडी वळवेल. मी वाट पाहिली. धुक्यातून काहीच ऐकू येत नव्हतं. त्या रस्त्यावर कुठेतरी ती एकटी धावत होती आणि तिच्या मागे कोणी नव्हतं.

मग त्यांनी वाकून पेट्रोलचा कॉक नीट केला आणि किक मारली. गाडी चालू झाली. दिवा लागला. आम्ही तिच्या मागे निघालो.